बुधवारचा सामना

प्रिय लुबर्ट,

तुझ्या पुस्तकाचं बाड मंगळवारी मिळालं, चिठ्ठीसकट. "फेमी, तू जन्मभर पोरांच्या वह्या तपासल्यास, आता माझी तपास. तारखा आणि गोल तेवढे बघ, बाकी माझ्यासाठी लिहिणाऱ्या लेखकाने नीट केलंय." बघितलं. गावच्या फुटबॉल क्लबात तू सातव्या वर्षी गेलास असं लिहिलंय. तू आठ वर्षांचा होतास, आणि तुझे पहिले खेळायचे बूट म्हणजे माझे शाळेचे बूट होते, तळाला चामड्याचे तुकडे ठोकलेले. देशाच्या नारिंगी जर्सीत तू एकेचाळीस सामने खेळलास आणि सव्वीस गोल केलेस. लेखकाने अठ्ठावीस केलेत, दोन पदरचे. मोसमात सगळ्यांत जास्त गोल करण्याचा मान तुला तीनदा मिळाला, चारदा नाही. चौथ्या वर्षी तू गुडघा फोडून घेऊन स्पेनमध्ये पडला होतास. हे सगळं लाल शाईने दुरुस्त केलंय. राहिलं सातवं प्रकरण, बाबांवरचं. ते आहे तसं छापता कामा नये.

त्यातलं बरंचसं खरं आहे, हे आधी सांगते. रॉटरडॅमच्या क्लबाचा करार घेऊन तू घरी आलास तो शनिवार होता. मी रविवारचे बटाटे सोलत होते, कारण रविवारी आपल्याकडे सुरी हातात धरत नसत. बाबांनी करार वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "देवाच्या दिवशी चेंडूमागे धावणारा माणूस माझ्या टेबलाशी बसणार नाही." हे तू लिहिलंस. पण तू हसून म्हणालास, "मग सोमवारी बसेन की, बाबा," ते गाळलंस. आणि सोमवारी तू आला नाहीस. त्या सोमवारी नाही, पुढच्या कुठल्याच नाही.

तू गेल्यावर मागे काय झालं ते तुझ्या पुस्तकात नाही, कारण तू कधी विचारलं नाहीस. चर्चच्या वडीलधाऱ्यांच्या बाकावर बाबा एकोणीस वर्षं बसत होते. तुझा पहिला रविवारचा सामना झाला आणि पुढच्याच आठवड्यात दोघेजण घरी आले, कॉफी प्यायले, हवापाण्याचं बोलले आणि जाताना दारात बाबांना म्हणाले, "सध्या मागे बसलात तर बरं, हेसल." बाबा मागे बसले. प्रवचन चालू असताना रिवाजाप्रमाणे पेपरमिंटची गोळी सरकवायला शेजारी कोणी नव्हतं, कारण त्या बाकावर कोणी बसत नसे. त्या दोघांतला एक माइन्डर्टचा बाप. माइन्डर्टशी माझं लग्न मे महिन्यात ठरलं होतं, पडदेसुद्धा शिवून झाले होते. "तुझ्यात खोट नाही, फेमी," माइन्डर्ट सायकलवरून न उतरताच म्हणाला, "पण आमच्या घरात ते चालायचं नाही." त्या दिवसाची तारीख मला पाठ आहे, आणि तुझ्या पुस्तकातही ती आहे. पान अठ्ठ्याऐंशी: त्या रविवारी तू पहिल्यांदा एका सामन्यात तीन गोल केलेस.

तुझी मुलाखत मी ऐकली आहे. "गाव मागासलेलं होतं, मी सुटलो." सुटलास खरा. मी त्याच गावात चाळीस वर्षं शिकवलं. बाबांच्या अंत्ययात्रेला तू लांबलचक गाडीतून आलास, कबरस्तानच्या फाटकात माझ्याच वर्गातल्या पोरांनी तुझ्यापुढे कागद धरले आणि तू सह्या दिल्यास. शवपेटी तोवर थांबली होती. रागाने लिहीत नाहीये. म्हणजे राग आहेच, पण त्यासाठी मी कागद हातात घेतला नसता.

आई बरी आहे. ब्याण्णवाव्या वर्षीही वृद्धाश्रमातल्या नर्सशी भांडते, रविवारी टीव्ही लावू देत नाही. तुझं पुस्तक आलंय म्हटल्यावर म्हणाली, "वाचून दाखव, डोळे गेलेत माझे." रोज एक प्रकरण वाचत होते. परवा सहावं संपलं. पान उलटलं, सातव्याचा पहिला परिच्छेद मनात वाचला आणि चष्मा पुसायला लागले. "थांबलीस का गं? वाच की पुढे," आई म्हणाली. घसा बसलाय असं सांगून मी घरी आले.

युरोपियन कपाच्या उपांत्य सामन्याबद्दल तू सातव्यात लिहितोस, ती तुझ्या आयुष्यातली सर्वांत मोठी संध्याकाळ, दोन गोल, दुसरा डोक्याने. आणि मग हे वाक्य: "स्टँडमध्ये सगळ्यांचे वडील होते. माझ्या वडिलांना मला खेळताना बघायची कधी इच्छाच झाली नाही." लुबर्ट, तो सामना बुधवारी होता. ते तुझ्या लक्षात आलं नाही, पण बाबांच्या आलं. दहा दिवस आधी ते माझ्या खोलीच्या दारात उभे राहिले, टोपी हातात, आणि म्हणाले, "बुधवारी खेळण्यात काही पाप नाही. शाळेत टेलिफोन आहे ना? त्याला सांग, एक तिकीट पाठव. मागचं चालेल. आईला आत्ताच बोलू नकोस." सामन्याच्या आधीच्या सोमवारी त्यांची मासेमारीची बोट त्यांच्याशिवाय समुद्रात गेली. ज्या माणसाने उभ्या जन्मात खोटं सांगितलं नव्हतं, तो खलाशांना म्हणाला की पाठ धरलीय. मी टेलिफोन केलाच नाही. क्लबाचा नंबर माझ्याकडे होता, शाळेचं ऑफिस दुपारभर रिकामं असे, आणि मी रोज त्याच्यावरून जात होते. शिवलेले पडदे तेव्हा माझ्या पलंगाखाली होते. बुधवारी पोस्टमन येऊन गेला तरी बाबा काळा कोट घालून दुपारच्या बसपर्यंत खिडकीशी बसले. बस गेली. त्यांनी कोट काढून खुंटीला लावला. "कामात असेल तो," एवढंच म्हणाले, आणि तेरा वर्षांनी मरेपर्यंत पुन्हा तो विषय काढला नाही. मी टेबलाशी वह्या तपासत होते, सगळं पाहत होते, आणि मला बरं वाटत होतं. हे तुला चव्वेचाळीस वर्षं सांगितलं नाही. ते वाक्य खोड. त्या जागी हे लिही, माझं नाव घालून. उद्या चार वाजता मी आईला सातवं प्रकरण वाचून दाखवणार आहे, तुझं नाही, हे.

तुझीच,
फेमी