दुसऱ्या सिलिंडरची टकटक

२८ फेब्रुवारी २०२१, रविवार, उइटहॉर्न, नेदरलँड्स

स्वस्ति श्री. शके १९४२, शार्वरी नाम संवत्सर, माघ वद्य प्रतिपदा. अखिल-संगणक-दोष-निवारक, दिवाणखाना-स्थित-कार्यालयाधिपती, मुखपट्टीधर, सार्ध-मीटर-अंतर-व्रतस्थ, जीर्ण-डिझेल-शकटाचे अर्धस्वामी, राजमान्य राजश्री मनोहर शशिकांत खांबेटे, वय वर्षे एकोणपन्नास, यांनी स्वहस्ते नोंद केली ती येणेप्रमाणे —

ट्रक टकटकतो आहे!

गतवर्षी पहिली टाळेबंदी सैलावली तेव्हा मी आणि अंबरीश — शालेय मित्र, हल्ली मुक्काम युट्रेख्ट — दोघांनी मिळून हे वयोवृद्ध वाहन घेतले. आत खाटा बसवून युरोप पादाक्रांत करण्याचा संकल्प होता. युरोप बंद आहे. खाटा नाहीत. ट्रक माझ्या दारात आहे आणि अंबरीशकडून केवळ दूरध्वनीवरून उपदेश प्राप्त होतो.

“मन्या, टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्हच्या फटीचा आवाज असणार. लाकडी काठी घे. एक टोक इंजिनाला लाव, एक कानाला. कुठे वाजतंय ते कळेल.”

काठी नव्हती. लाटणे घेतले. पहिला सिलिंडर सौजन्यशील. तिसरा, चौथा निरुपद्रवी. दुसऱ्याशी मात्र जणू कोणी लोहार ऐरण मांडून बसला आहे!

सुमेधाने — धर्मपत्नीने — ते काळे झालेले लाटणे उचलले, पाहिले, धुतले, जागेवर ठेवले. चकार शब्द नाही. दिवाळीपासून गृहात अशीच शांतता नांदते आहे. तत्पूर्वी अखंड कटकट असे: मीटिंगमधला माझा आवाज, पायात येणाऱ्या वायरी, खिडकीतले चहाचे कप. माझ्या मुत्सद्देगिरीने ती शमली. निदान उंबरठ्याच्या आत तरी विजय आहे.

६ मार्च

ट्रकच्या काचेवर चिठ्ठी! डच भाषेत. सुमेधाने अर्थ सांगितला: सकाळी आपले वाहन चालू होते, त्याच्या आवाजाने माझ्या मीटिंगमध्ये व्यत्यय येतो, कृपया काही करता येईल का — शेजारीण, फान डाइक.

ज्या पुण्यनगरीने उभ्या मानवजातीस पाट्या लावण्याचे शिक्षण दिले, त्या नगरीच्या सुपुत्रास चिठ्ठी? आणि तीही “कृपया” घालून, खाली हसरा चेहरा काढून? ही पाटी नव्हे, हा पाटीविद्येचा अपमान आहे!

१४ मार्च

वरणभात वाढता वाढता सुमेधा म्हणाली, “मला मास्ट्रिख्टच्या युनिव्हर्सिटीत जागा मिळाली. दहा मेपासून. तिथे खोली घेतली आहे.”

मास्ट्रिख्ट! देशाचे शेपूट! त्यापुढे बेल्जियम! मी म्हणालो, सध्या सारे भूमंडळ घरून काम करते आहे.

“मला घरून नाही करायचं.”

“आणि मी?”

“आठ तारखेला सामान न्यायचंय. ट्रक चालेल का, एवढं सांग.”

परत कधी येणार, हे तिने सांगितले नाही. येणार की नाही, हे मी विचारले नाही. स्वाभिमान नावाची जड वस्तू मध्ये पडली होती.

१५ मार्च

निषेधार्थ दिवसभर मौन पाळले. तिला फरक जाणवल्याचे दिसले नाही.

२१ मार्च

दुसरी चिठ्ठी. हसरा चेहरा नाही.

संतापाच्या भरात इंजिनावरचे झाकण उघडले. यंत्ररचना वस्तुतः सुबोध आहे. प्रत्येक व्हॉल्व्हच्या माथ्यावर तो दाबणारी एक दांडी, म्हणजे रॉकर, दोहोंमध्ये केसाइतकी फट. त्या फटीत फीलर गेजचे, म्हणजे फट मोजायचे, पाते सरकवायचे, स्क्रूने फट कमीजास्त करायची, नट आवळायचा. दुसऱ्या सिलिंडरच्या एका व्हॉल्व्हची फट दुपटीने वाढली होती. ती यथाविधी केली. लोहार गेला. तथापि एक बारीक टकटक शिल्लक राहिली.

अंबरीश म्हणाला, “तेवढी राहणारच. जुनं इंजिन आहे.”

“राहणारच” हा शब्द आमच्या कोशात नाही! विषाणू राहणारच, संचारबंदी राहणारच, बायको जाणारच — आता ही टकटकही राहणारच? एकेक करून आठही स्क्रू घट्ट पिळले. पात्याची गरज काय?

नीरव! निःशब्द! केवळ डिझेलचा गंभीर घोष. फान डाइकबाईंच्या खिडकीखालून दोन वेळा विजयप्रदक्षिणा घातली. त्यांनी खुशीने अंगठा उंचावला. मी मान लवविली नाही.

१३ एप्रिल, गुढीपाडवा

नवे संवत्सर प्लव, म्हणजे नौका. आमचे तारू मात्र बुडाले.

रिकामी खोकी आणायला अॅमस्टेलवेनला निघालो. परतताना पूल आला. या ताटासारख्या सपाट देशात चढ म्हणावा असा तो एकच, आणि त्यावर ट्रकने प्राण सोडला! ताकद नाही, पांढरा धूर, बंद पडला तो पडलाच. निवल्यावर कसाबसा सुरू झाला. पादचाऱ्याच्या गतीने घरी आलो. सायकलवरून एक आजीबाई पुढे गेल्या. मागे वळून त्यांनी मला धीर दिला. त्या दयेचा राग अद्याप उतरलेला नाही.

एक गोष्ट येथेच लिहितो, अन्यत्र बोलणार नाही. पुलावर उभा असताना क्षणभर बरे वाटले. ट्रक मेला तर मास्ट्रिख्टही मेले.

घरी सांगितले. सुमेधा म्हणाली, “मग भाड्याने व्हॅन घेते.” गुढीची साखरेची गाठी माझ्या हातावर ठेवून ती आत गेली.

अंबरीशला फोन केला. “फट किती ठेवलीस?”

“शून्य.”

“गाढवा! तापला की व्हॉल्व्ह लांबतो. त्याला जागाच नाही ठेवलीस तर तो बसणार कुठे? मिटतच नाही पूर्ण, आणि जळतो. वाजत होता तोवर ठीक होता रे तो! गप्प झाला तेव्हा घाबरायचं!”

“हे मला कोणी सांगितले नाही.”

“मी सांगत होतो. तू ऐकतोस कुठे?”

अपमान करून वर खोकला. उद्या चाचणीला जाणार आहे म्हणे.

१४ एप्रिल

अंबरीशचे वाक्य डोक्यातून जात नाही. त्या वाक्याचाही राग येतो आहे.

१८ एप्रिल

अंबरीश बाधित, विलगीकरणात, आणि हत्यारांची निम्मी पेटी त्याच्याचकडे! एकट्याने हे काम अशक्य. एकाने खाली पाना लावून इंजिन हाताने फिरवायचे, दुसऱ्याने वर पाते धरायचे. घरात तिसरे कोणी नाही. सुमेधा हातमोजे घालून आली.

“किती फिरवू?”

“आणखी. आणखी. थांब! किंचित मागे.”

“किंचित म्हणजे किती, मनोहर? मापात बोल.”

पाते फटीत घातले. मोकळे सरकले तर फट जास्त, अडले तर कमी. “अंगठ्याखालून कागद ओढल्यासारखं जाणवायला हवं,” ती खालून म्हणाली. डच पुस्तिका तिने आधीच वाचून ठेवली होती. “आणि इंजिन गार हवं. मागच्या वेळी गार होतं?”

“मागच्या वेळी मी गार नव्हतो.”

ती हसली नाही. पण पुढचे वाक्य तिनेच उच्चारले, “पुढचा सिलिंडर.”

मी इंजिनाकडे तोंड करून विचारले, “दिवाळीपासून तू काहीच बोलत नाहीस.”

“बोलायचे की. तू कटकट म्हणायचास.”

“मग?”

“मग थांबले.”

“आणि एवढ्यावरून मास्ट्रिख्ट?”

पाना खाली ठेवल्याचा आवाज आला. “मी ओट्यावर लॅपटॉप ठेवून इंटरव्ह्यू दिला. शेजारी कुकर. तू बाहेर मीटिंगमध्ये ओरडत होतास. त्यांनी विचारलं, तुमच्या घरी सगळं ठीक आहे ना? मी म्हटलं, भांडण नाही हो, नवरा कामात आहे.” पाना पुन्हा उचलला. “फिरवू?”

“फिरव.”

आठही फटी मापात झाल्या. दैव बलवत्तर, व्हॉल्व्ह अद्याप जळलेला नव्हता. झाकण बसवले, किल्ली फिरवली. बारीक, एकसारखी टकटक.

“परत येशील?” मी विचारले.

“आधी पोहोचू दे,” ती म्हणाली.

८ मे

पोहोचवली. वाटेत कोठेही कुरकुर नाही — ट्रकची, तिची, माझी. जिना इतका अरुंद की खोकी छातीशी कवटाळून तिरपे चढावे लागले. कोणत्या स्थापत्यविशारदाने तो रचला त्यास माझे शाप. लाटणे तिने मागून घेतले. मी पोळ्या करत नाही, सबब युक्तिवाद करता आला नाही.

येताना ट्रकमध्ये एकटा. दारात पोहोचलो तो काचेवर चिठ्ठी लावायला फान डाइकबाई सिद्धच. “आवाज परत आला का?” त्यांनी इंग्रजीत विचारले.

होय बाई. आला. राहणारच.

१५ मे

फोन केला.

“सगळं ठीक?”

“ठीक.”

“काही हवं?”

“नको.”

संपला. संतापावर कसे जगायचे ते मला ठाऊक आहे. या “ठीक”वर कसे जगायचे ते ठाऊक नाही.

२३ मे

तिचा फोन. स्वतःहून! नळ गळतो. घरमालक उत्तर देत नाही. वरचा विद्यार्थी घरात उड्या मारतो. “आणि तू एकाही खोक्यावर काही लिहिलं नाहीस, मनोहर! मीठ सापडेना म्हणून अळणी जेवले मी!” पाऊण तास. मी मध्ये एक अक्षर बोललो नाही.

शेवटी म्हणाली, लाटण्याला अजून डिझेलचा वास येतो. सोडा लावून झाला, चिंच लावून झाली, उन्हात ठेवावे तर ऊन नाही. पोळी तोंडात धरवत नाही. “शुक्रवारी येशील तेव्हा यावर काहीतरी घेऊन ये.” शुक्रवारी मी जाणार आहे, हे मला तेव्हाच कळले!

काय घेऊन जावे? लाकडात मुरलेले डिझेल कशाने निघते?

अंबरीशला विचारले. म्हणतो, रॉकेलने पूस. गाढव!