पाचही दिवे हिरवे

२ मार्च, सोमवार

आलो एकदाचे नव्या घरात! चौथा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि बैठकीला एवढी मोठी खिडकी की आत्याने ती बघताच जाहीर केलं, आपण खिडकी भाड्याने घेतली आहे, घर तिच्यासोबत फुकट आलंय. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. आईवडील गेल्यावर तिनेच मला वाढवलं, आणि ही गोष्ट मी विसरू नये याची काळजीही तीच घेते. वय एकाहत्तर. गुडघे कुरकुरतात, जीभ मात्र ठणठणीत आहे. तिला सुखाचे चार दिवस दाखवायचे म्हणून तर ही नवी नोकरी, हे नवं घर.

घरमालकांनी किल्ल्या देताना सांगितलं की या इमारतीत इंटरनेटची तार येत नाही. सगळे मोबाइल कंपनीचा डबा वापरतात. डब्यात सिमकार्ड, समोरच्या टॉवरची रेंज, आणि घरभर वायफाय. इतक्या अभिमानाने सांगत होते, जणू टॉवर त्यांच्या तीर्थरूपांनी उभारलाय.

आधीच्या भाडेकरूने खिडकीपाशी एक लाकडी खुर्ची सोडली आहे. सरकवायला गेलो तर पाय फरशीला स्क्रूने पक्के केलेले. देव अक्कल वाटत होता तेव्हा हा माणूस बहुतेक स्क्रू आणायला गेला असावा.

४ मार्च, बुधवार

आज कंपनीचा फिटर आला. तान्हं मूल झोपवावं तसा डबा छातीशी धरून घरभर फिरला. डब्यावर पाच दिवे आहेत. रेंज असेल तेवढे हिरवे होतात. झोपायच्या खोलीत एक लागला, स्वयंपाकघरात एकही नाही, खुर्चीपाशी दोन. मग खुर्चीशेजारी खिडकीच्या कट्ट्यावर डबा ठेवून त्याने विचारलं, घरात कोण कोण असतं. आत्या आहे म्हटल्यावर, मग काही काळजी नाही, म्हणाला आणि गेला. वडीलधाऱ्यांची विचारपूस करणारा फिटर पहिल्यांदाच पाहिला.

उद्या अकराला माझा पहिला ऑनलाइन वर्ग. ग्राहक सेवा केंद्रांतल्या लोकांना मी माफी मागायला शिकवतो. हसण्यासारखं काही नाही, अख्खं जग त्यावर चाललंय. पद्धत माझी स्वतःची आहे, तीन पायऱ्यांची. पहिली, ग्राहकाचं नाव घ्या. दुसरी, त्याला त्रास होतोय हे मान्य करा. तिसरी, लवकरच होईल असं सांगा, पण वेळ कधीही देऊ नका.

५ मार्च, गुरुवार

वर्ग तीनदा तुटला. दुसऱ्या खेपेला माझा तोंड उघडलेला चेहरा चार मिनिटं तसाच गोठून राहिला. त्याचा फोटो काढून कुणीतरी गटात टाकला आहे. आत्याला तो फार आवडला.

कंपनीला फोन लावला. पलीकडच्या मुलीने माझं नाव घेतलं, मला होणाऱ्या त्रासाची पूर्ण कल्पना असल्याचं सांगितलं, आणि लवकरच सुधारणा होईल म्हणाली. हे वाक्य मी लिहिलंय! स्वल्पविरामासकट माझं आहे. माझ्याच वाक्याने माझा मामा केला.

९ मार्च, सोमवार

पुन्हा तुटला. बाईसाहेबांनी, म्हणजे माझ्या वरिष्ठांनी, गोड आवाजात कळवलं की या महिन्यात आणखी एकदा असं झालं तर त्यांना दुसरा माणूस बघावा लागेल.

संध्याकाळी खाली उतरून इमारतीकडे नीट पाहिलं. आमच्या खिडकीखाली ओळीने तीन खिडक्या, आणि प्रत्येकीत एक म्हातारं माणूस खुर्चीत बसलेलं. तिसऱ्या मजल्यावर दंतवैद्याचे वडील, दुसऱ्यावर शिवणकाम करणाऱ्या बाईंची सासू, पहिल्यावर आणखी कुणी आजोबा. सगळ्यांची तोंडं टॉवरकडे. हलत कुणी नाही.

जिन्यात दंतवैद्य भेटला. त्याने बिनदिक्कत सांगितलं की बाबा खुर्चीत बसले की पाचही दिवे लागतात, माणसाच्या अंगातून रेंज चांगली येते, यात लाजायचं काय. जन्मदात्याची अँटेना केली आणि वर तोंड करून सांगतो! असल्या माणसाच्या हाती लोक आपले दात देतात. घरी येऊन आत्याला सांगितलं, दोघं पोट धरून हसलो.

१० मार्च, मंगळवार

आज आत्या वर्गाच्या वेळी सहज त्या खुर्चीत बसून माझ्या सदऱ्याचं बटण लावत होती. वर्ग एकदाही तुटला नाही. शेवटी डब्याकडे पाहिलं. पाचही दिवे हिरवे.

उद्या वर्गाच्या वेळी तिथेच बसशील का, असं विचारलं तिला. फक्त तासभर, हलू नकोस. तिने मला दंतवैद्य म्हणून हाक मारली, पण हो म्हणाली. आता आमची गोष्ट वेगळी आहे. तो बापाला बसवतो. मी विनंती केली.

१३ मार्च, शुक्रवार

चार दिवस वर्ग लोण्यासारखे चाललेत. बाईसाहेब खूश. आत्या म्हणते, त्या खुर्चीत गुडघे अजिबात दुखत नाहीत. उठली तेव्हा कुरकुरलेही नाहीत. एवढंच की उठायला तिला तीनदा हाक मारावी लागली.

१७ मार्च, मंगळवार

आत्या हल्ली सकाळी आठलाच जाऊन बसते. मी सांगत नाही. चहा शेजारी नेऊन ठेवतो, त्यावर साय धरते. बोलणं कमी झालंय. माझ्या केसांवर, चपलांवर, लग्न न करण्यावर चार दिवसांत एक अक्षर नाही. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. हे लिहिताना लाज वाटते आहे.

१९ मार्च, गुरुवार

वर्ग चालू असताना ती काहीतरी पुटपुटत होती. बाही अर्धा इंच कमी करा, म्हणाली. मग, उजव्या बाजूने चावू नका. मला वाटलं भ्रम झाला. पण बाहीचं वाक्य दुसऱ्या मजल्यावरच्या शिवणवाल्या बाईंचं होतं, फोनवर गिऱ्हाइकाशी बोलतानाचं. चावण्याचं दंतवैद्याचं. आवाज तेवढा आत्याचा.

मग एका विद्यार्थ्याचं उत्तर तिच्या तोंडून ऐकलं. शब्द न् शब्द. आणि त्यानंतर, दोन क्षणांनी, ते माझ्या हेडफोनमध्ये आलं.

मी वर्ग थांबवला नाही. बारा वाजेपर्यंत शिकवत राहिलो. दंतवैद्याला नावं ठेवणारा मी.

२० मार्च, शुक्रवार

वर्ग रद्द केला. डॉक्टर बोलावले. त्यांनी नाडी पाहिली, डोळ्यांत बॅटरी मारली, छान आहेत म्हणाले. मग खिशातून स्वतःचा फोन काढला, त्याकडे पाहून भुवया उंचावल्या, आणि इथे काय सुरेख रेंज आहे हो, असं म्हणून निघून गेले. एवढं शिकून हे.

डब्याचं बटण बंद केलं. दिवे गेले नाहीत. प्लग काढला. सिमकार्ड काढून ताटलीत ठेवलं. पाचही हिरवे.

आत्याची बोटं खुर्चीच्या हातावरून सुटत नाहीत. थंड नाहीत. डब्यासारखी कोमट आहेत.

२१ मार्च, शनिवार

दोन्ही हातांनी उचललं तिला. अर्धी उठली. दिवे विझले, आणि खाली तिन्ही मजल्यांवर एकदम आरडाओरडा. तिने मोठा श्वास घेतला, बाळ्या म्हणाली, किती दिवसांनी! पाय दुखतात रे. आणि मग ओठ निळे पडायला लागले. श्वास नाही. मी घाबरून पुन्हा बसवलं.

लगेच श्वास आला. लगेच दिवे.

दारात दंतवैद्य, शिवणवाल्या बाई, घरमालक. माझं नाव घेतलं, मला त्रास होतोय हे कळतं म्हणाले. सभ्य, अगदी सभ्य. टॉवर आधी वरच्या मजल्याला लागतो, मग खालच्यांना. म्हणून वरची खुर्ची रिकामी ठेवता येत नाही. तिला उठवायचं तर आधी त्या घरातलं दुसरं कुणीतरी तिचा हात धरून खुर्चीला टेकायला हवं. मगच सुटते. आधीच्या भाडेकरूच्या घरात दुसरं कुणी नव्हतं.

मग त्याचं काय झालं, विचारलं. घरमालक म्हणाले, जागा रिकामी झाली.

दाराला कडी घातली. थुंकावंसं वाटलं त्यांच्यावर. पण कोणत्या तोंडाने? बटण लावायला ती बसली होती, ते एकदाच. बाकीचे सगळे दिवस मी बसवलं.

२२ मार्च, रविवार — सकाळी

अॅम्ब्युलन्स बोलावली आहे. चाळीस मिनिटं लागतील म्हणाले. ती उठली पाहिजे. गाडी येईपर्यंतच मी बसतो, मग तिला न्यायला माणसं येतील, ती मलाही ओढून काढतील —

हात धरला. टेकलो. वही मांडीवर आहे.

उठली! आत्या उठली. गुडघे कुरकुरले, इतका सुंदर आवाज मी ऐकला नव्हता. मला म्हणाली, काय ध्यान दिसतोयस, दाढी कर. रडलो मी. चहा टाकायला गेली आहे.

— नंतर

अॅम्ब्युलन्स आली होती. आत्याने दारातूनच परत पाठवली. आम्ही ठीक आहोत, म्हणाली. मी हाक मारणार होतो. तोंडातून निघालं — बाही अर्धा इंच —

ती मैत्रिणीला व्हिडिओ कॉल लावून बसली आहे. बारा वर्षांनी भेटतायत. चेहरा किती स्वच्छ दिसतोय ग तुझा, म्हणते. हसते आहे. इतकी हसलेली कधी —

हात हलतो, फक्त लिहिणारा. गुडघे दुखत नाहीत. काहीच दुखत नाही.

आत्या, म्हटलं. माझ्या आवाजात, एकदाच जमलं. उठव मला.

वळली नाही. फोनकडेच बघत म्हणाली, बाळ्या. अवघडलायस, कळतंय रे मला. होईल हं लवकरच, हलू नकोस.

नाव. त्रास. वेळ नाही. दहा दिवस इथेच बसून ऐकत होती माझे वर्ग. एकही पायरी चुकली नाही. गुण द्यायचे तर दहापैकी