तू उचललेला फोन

आई, आज दुपारी ऑफिसचा फोन बंद झाला. बंद करा म्हणून मीच सांगितलं होतं, वेळही मीच दिली होती, तरी बरोबर त्या वेळेला उठून रिसीव्हर कानाला लावून पाहिला. काही आवाज नव्हता. धंदा विकला मी. एका मोठ्या कंपनीने घेतला. त्यांना गिऱ्हाइकं हवी होती, बाकी काही नको होतं. यापुढे कुणाचं काही अडलं तर त्याने स्क्रीनवर लिहायचं आणि उत्तरही स्क्रीनच देणार. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं एवढंच, की आता मागे टेकून जरा डोळे मिटावेत. वीस वर्षं होऊन गेली. फार दमलोय मी. तुझ्याशी बोलायचं बरंच राहून गेलंय, आणि दुसऱ्या कुणाला सांगावं असं ते नाही.

तू मला आठवतेस ती ट्रंक एक्स्चेंजमधली. शाळेला सुट्टी आणि बाबांची पहिली पाळी, असं जुळून आलं की तू मला विश्रांतवाडीहून बसने सोबत न्यायचीस. पोरं आत आणायची परवानगी नव्हती, पण सुपरवायझरबाई पाहून न पाहिल्यासारखं करायच्या. लांबच लांब बोर्डासमोर ओळीने बायका बसलेल्या, डोक्यावर हेडफोन, हातात वायरी. तू वायर उचलतेस, भोकात खोचतेस आणि तुझ्या तोंडून एक आवाज येतो, जो मी घरी कधी ऐकलेला नाही. "पुणे बोलतंय. तीन मिनिटं झाली, वाढवू का?" घरी मावशी आली की तू 'काऊन' म्हणायचीस, 'डोया' म्हणायचीस. बोर्डावर मात्र तुझा ळ म्हणजे ळ आणि ण म्हणजे ण. ते कसं झालं हे तू मला एकदाच सांगितलंस, भाकऱ्या थापता थापता. नोकरीला नवी लागलीस तेव्हा शेजारच्या खुर्चीवरची नारायण पेठेतली बाई तुझं 'पानी' ऐकून हसली होती. मग महिनाभर तू रोज आरशासमोर उभी राहून पाणी, लोणी, काळा, डोळा म्हणत होतीस. इंग्रजीही तशीच, ऐकून ऐकून, एकेक वाक्य पाठ करून. आजोबांनी दीक्षा घेतली त्याच्या पुढच्या वर्षी ते अकोल्याकडून पुण्याला आले, दारूगोळा कारखान्यात ओझी उचलायला. आपल्या घरात खुर्चीवर बसून काम करणारी तू पहिली. तो आवाज तुला कुणी दिला नव्हता, तू कमावला होतास. हे सगळं मला ठाऊक होतं, आई. ठाऊक असून मी पुढे जे बोललो ते बोललो.

पुढे लोक घरूनच थेट नंबर फिरवायला लागले, चौकाचौकात पिवळ्या पाट्यांचे बूथ निघाले आणि तुमचा बोर्ड गेला. तुला तक्रार विभागात बसवलं. "आधी लोक जोडून द्या म्हणून विनवायचे, आता तुटला का म्हणून भांडतात. पगार तोच," एवढंच तू म्हणालीस. त्याच सुमाराला मी कॉम्प्युटर शिकलो, नोकरीला लागलो, आणि वर्ष दोन हजारची धावपळ सुरू झाली तेव्हा कंपनीने मला इंग्लंडला पाठवलं. ते काम संपल्यावर सगळे परत आले. मी राहिलो. बाबा गेल्यानंतरच्या सुट्टीत मी पुण्याला आलो होतो. तू पोळ्या लाटत होतीस, आणि मी दाराला टेकून, बरेच दिवस मनात घोळवलेलं वाक्य एकदाचं बोललो.

"मी तिथे स्वतःची कंपनी काढतोय."

"कोण कोण आहे कंपनीत?"

"सध्या मी."

"आणि?"

"आणि मीच."

"मग कंपनी कशाला म्हणतोस? एकट्याला एकटा म्हणावं."

लाटणं थांबलं नव्हतं. हिंजवडीला एवढ्या इमारती उठतायत, इथे नाही का निघत कंपनी, असं तू एकदा विचारलंस. मी काहीतरी उत्तर दिलं. तू पुन्हा विचारलं नाहीस. विमानतळावर निघताना मेतकुटाची पिशवी माझ्या बॅगेत कोंबलीस आणि म्हणालीस, "कंपनीला पण दे थोडं."

तू निवृत्त झालीस आणि सहा महिन्यांसाठी माझ्याकडे आलीस. गालिच्यांच्या दुकानावर माझ्या दोन खोल्या, एकीत राहायचं, दुसरीत ऑफिस. बाहेर दगडी घरं, दिवसभर भुरभुर पाऊस, आणि तू दोन स्वेटरांवर शाल घेऊन हीटरला चिकटून बसलेली. मी जनावरांच्या डॉक्टरांसाठी प्रोग्रॅम लिहिला होता. कुठल्या कुत्र्याला किती वाजता बोलावलंय, कुठल्या मांजराची लस कधी, असं सगळं. गिऱ्हाइकं मोजकीच, लहान लहान दवाखाने. एकदा मी बँकेत गेलो असताना फोन वाजला आणि तू उचललास. परत आलो तेव्हा तू खुर्चीच्या टोकावर ताठ बसून बोलत होतीस, अगदी तुझ्या बोर्डावर बसायचीस तशी. पलीकडे एका दवाखान्यातली मुलगी रडकुंडीला आली होती. तिच्या स्क्रीनवरची दिवसभराची यादी गायब झाली होती आणि समोर माणसं कुत्री घेऊन उभी. तू तिला अर्धा तास लाइनवर धरून ठेवलं होतंस. एकेका माणसाला नाव आणि वेळ विचारायला लावून कागदावर यादी करून घेतली होतीस. "लाइन तोडू नकोस," तू तिला तुझ्या त्या पाठ केलेल्या इंग्रजीत सांगत होतीस, "मी आहे इथे."

त्यानंतर लोक फोन करून विचारायला लागले, त्या बाई आहेत का? तू एक शंभर पानी वही केलीस. तारीख, वेळ, कोण बोललं, काय बिघडलं, त्यांच्याकडे काय चाललंय. तुझ्या त्या गोल अक्षरात, निम्मं मराठीत. कुणाची घोडी व्यायलीय हेसुद्धा तू लिहून ठेवायचीस आणि पुढच्या फोनला आठवणीने विचारायचीस. तू शाल घेणं सोडलंस. मी हे सगळं बघत होतो. एकदाही बरं केलंस म्हणालो नाही. सोपं झालं होतं ना माझं, मग म्हणायचं कशाला.

ते यादी गायब होण्याचं दुखणं काही मला सापडत नव्हतं. चार वेळा झालं. त्यातच आठ दवाखाने चालवणाऱ्या एका संस्थेशी माझं बोलणं सुरू होतं. ते काम मिळालं असतं तर दोन माणसं ठेवता आली असती. त्या दिवशी मी दूध घेऊन वर आलो तर तू नुकताच फोन ठेवलेला, आणि चेहरा खुललेला.

"त्या आठ दवाखान्यांचे साहेब होते. फार सभ्य गृहस्थ. यादी जाते असं ऐकलंय, खरं का म्हणाले. म्हटलं, हो, चारदा गेली. मुलगा शोधतोय, अजून सापडलेलं नाही."

"असं सांगितलंस?"

"विचारलं त्यांनी. मग काय सांगू?"

मग मी ओरडलो. मी घरात नसताना फोन उचलायला तुला कुणी सांगितलं होतं, म्हणालो. हे काही तुझं टेलिफोन खातं नाही, म्हणालो. व्हिसावर असलं काम चालत नाही, हेही मला नेमकं तेव्हाच आठवलं. आणि मग म्हणालो, "तुझं ते घोकलेलं इंग्रजी ऐकून लोकांना वाटतं, आपण कुठल्यातरी कॉल सेंटरला फोन लावलाय."

तू चष्मा काढलास, पदराने पुसलास, पुन्हा घातलास. "बरं," म्हणालीस. वही मिटून माझ्या टेबलावर ठेवलीस. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजत होता, मी आंघोळीला होतो. वाजतोय, थांबतोय, पुन्हा वाजतोय. मी ओल्या अंगाने बाहेर आलो तर तू फोनपासून हातभर अंतरावर बसलेली, दोन्ही हात मांडीवर. माझ्याकडे न बघता म्हणालीस, "आपला फोन वाजतोय, साहेब." त्या एका 'आपला'मध्ये सगळं पुणं होतं. पंधरवड्याने, सहा महिने पुरे व्हायच्या आत, तू तिकीट बदलून परत गेलीस. गुडघे दुखतात म्हणालीस, आणि मी ते खरं मानलं.

तू पुण्याला परतल्यावर तीन आठवड्यांनी कळलं, की त्या गृहस्थांनी तुला फोन करण्याच्या आधीच दुसरीकडे सही केली होती. केवळ तुलना म्हणून विचारून पाहिलं होतं. तुझ्या बोलण्याने काही बिघडलं नव्हतं. दर रविवारी मी तुला फोन करत होतो. गॅस मिळाला का, गुडघा कसा आहे, स्वारगेटला तू बसमधून उतरताना पडता पडता वाचलीस ते, असं सगळं बोलत होतो. हे मात्र बोललो नाही. समोरासमोर सांगू, दिवाळीला जाऊ तेव्हा. दिवाळीला जमलं नाही. फेब्रुवारीत मावशीचा फोन आला. मी पोचलो तेव्हा विहारातून लोक परत आले होते आणि तुझ्या पांढऱ्या साड्या मावशीने घडी घालून ठेवल्या होत्या.

परत आल्यावर मी तुझी वही पहिल्यांदा उघडली. त्या चारही फोनांपुढे तू एक ओळ जास्तीची लिहिली होतीस. 'दोघी एकदम बसल्या होत्या.' 'डॉक्टरीणबाई आतून, मुलगी बाहेरून.' दोन माणसांनी एकाच वेळी तीच यादी उघडली की ती जायची. दोन दिवसांत दुरुस्त झालं. मला कुणाला असं विचारायचंच सुचलं नव्हतं. त्यानंतर धंदा चालला, मोठा नाही, पण चालला. ती लहान लहान गिऱ्हाइकं कधी सोडून गेली नाहीत. ती तुझ्याबद्दल विचारायची. मी सांगायचो, घरी परत गेली, बरी आहे. एकीला तर परवाही तेच सांगितलं. विकत घेणाऱ्यांनी विचारलं, इतकी वर्षं माणसं कशी टिकवलीत? मी म्हणालो, प्रोग्रॅम चांगला आहे.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाहीये. म्हणून एक गोष्ट राहिली आहे, तीही लिहितो. त्या आठ दवाखान्यांच्या साहेबांचा फोन वाजला तेव्हा मी घरात नव्हतो, असं मी तुला म्हणालो होतो. मी जिन्यात होतो, आई. दूध हातात होतं आणि घंटा नीट ऐकू येत होती. मला वाटलं, पुन्हा कुणाची तरी यादी गेली, आणि त्यांना काय सांगायचं ते माझ्याकडे नव्हतं. वरच्या तीन पायऱ्या उरल्या होत्या. मी तिथेच उभा राहिलो, तू उचलेपर्यंत, आणि मग तू ठेवेपर्यंत.