पाणी कुठवर येतं

बाबा, तुम्ही शिकवलेली ती मुलगी मला भेटली. म्हसळ्याच्या पुढच्या गावातली, तळ्याकाठी राहणारी. माझ्याच वयाची आहे, आता पनवेलला गणित शिकवते, आणि वडिलांच्या मागे राहिलेल्या जमिनीच्या तुकड्यावर तिला लहानसं घर बांधायचंय. तुकडा चिंचोळा, एका बाजूला रस्ता, दुसऱ्या बाजूला तळं. नियमाप्रमाणे दोन्हीकडचं अंतर सोडलं तर मधे जेमतेम एक पडवी उरते. म्हणून तळ्याकडचं अंतर कमी करून मिळावं असा तिनं अर्ज केला, आणि ते द्यावं की नाही हे तपासायचं काम नगररचना कार्यालयात माझ्या टेबलावर आलं. अर्जावरचं नाव वाचलं आणि मी फाईल मिटून बाजूला ठेवली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ते नाव मला तुमच्याच आवाजात ऐकू आलं, शनिवारी यायचं तसं.

शनिवारी सकाळची शाळा आटोपून तुम्ही एसटीनं माणगावला घरी यायचात. आई चुलीपुढे, मी खाली बसून वाल सोलतेय. तुम्ही पाय धुऊन आत येता आणि चहाचा कप हातात यायच्या आधीच सुरू होता, "आमच्या शालेत एक पोरगी हाय. माझं गणित फळ्यावर लिवून होत न्हाय, तवर ही उत्तर सांगते." आई म्हणते, "अवो, घरात पन एक पोरगी हाय." तुम्ही हसता. मी वही पुढे करते, दहापैकी नऊ. तुमचं बोट थेट त्या एका चुकलेल्या गणितावर जातं. "घाई केलीस. तिनं नसती केली." एकदा मुंबईहून कंपासपेटी आणलीत. मी ती दोन दिवस उशाशी घेऊन झोपले, आणि सोमवारी ती तुमच्या पिशवीतून तिच्याकडे गेली, ती स्कॉलरशिपला बसणार होती म्हणून. ज्या तळ्यांच्या पाण्याला तुमच्या वडिलांना हात लावू देत नसत, तसल्याच एका तळ्यात तुम्ही गावच्या सगळ्या पोरांना पोहायला शिकवलंत. मला अजून पोहता येत नाही.

जागा बघायला मी मे महिन्यात गेले. नकाशातली चूक मला कार्यालयातच दिसली होती. आर्किटेक्टनं अंतर मोजलं होतं ते आत्ताच्या, उन्हाळ्यात आटलेल्या पाण्यापासून. ते मोजायचं असतं तळं भरलेलं असताना पाणी येतं तिथून. एक फोन करून कळवता आलं असतं. मी कळवलं नाही. मला ते तिथे जाऊन, तिच्यासमोर सांगायचं होतं. तुमची हुशार पोरगी चुकताना मला बघायची होती, बाबा. मी पिशवीतून टेप काढतेय, तोवर तीच आर्किटेक्टला म्हणाली, "अहो, हे कुठून मोजलंत? श्रावणात पाणी त्या करंजाच्या झाडापर्यंत असतं."

"मॅडम, तसं धरलं तर तुमचं स्वयंपाकघर तळ्यात गेलं."

"जाऊ दे की मग. आमच्या सरांनी पोहायला उतरवायच्या आधी हेच दाखवलं होतं. बुंध्यावर गाळ कुठवर चिकटलाय ते बघा. पाणी तिथवर हाय, असं धरूनच उभं राहायचं."

पनवेलच्या शाळेत शिकवणारी बाई ते "हाय" तुमच्यासारखं म्हणाली, शेवटी किंचित लांबवून. मला तुम्ही कधी करंजाचा बुंधा दाखवला नव्हतात. मी खाली मान घालून टेप धरला आणि तिनं दाखवलेल्या खुणेपासून मोजलं.

पहिला अभिप्राय मी एका ओळीचा लिहिला, सवलत देऊ नये. नियमात बसत होता. दुसऱ्या दिवशी तोच कागद दुसऱ्या कुणीतरी लिहिल्यासारखा वाचला आणि माझी मलाच लाज वाटली. तुकडा चिंचोळा झाला तो पूर्वी कधीतरी रस्ता रुंद झाल्यामुळे, तिनं काही केलं म्हणून नाही. तळ्याकडचं अंतर देता येणार नव्हतं, भरल्या पावसात ते पाण्याचंच असतं. पण रस्ता पुढे तळ्याच्या घाटाच्या पायऱ्यांपाशीच संपतो, वाहनांची वर्दळ नाही, म्हणून त्या बाजूचं लागेल तेवढं अंतर कमी करावं, असं मी लिहिलं. घर लहान होईल, पण होईल. वरिष्ठांनी तसंच मान्य केलं.

मंजुरीची प्रत घ्यायला ती परवा आली. कागद वाचून खूश झाली आणि मग म्हणाली, "मॅडम, एक विचारू? आमच्या सरांची मुलगी तुमच्याच खात्यात आहे म्हणतात. माणगावची. कुठे असते काही कल्पना?"

"का?" मी विचारलं.

"बघायचीय हो एकदा. लहानपण नासवलं तिनं आमचं!" ती मोकळेपणानं हसली. "कितीही अवघड गणित सोडवा, सर म्हणायचे, माझी लेक हाय माणगावला, तिनं निम्म्या वेळात केलं असतं. एवढा राग यायचा मला त्या पोरीचा!"

माझ्या टेबलावरच्या पाटीवर सासरचं नाव आहे. मी "कल्पना नाही" म्हणाले. ओळख निघाली तर अभिप्रायावर कुणी बोट ठेवेल, असं मी तेव्हा मनाला सांगितलं. ते खरं नाही. हे पत्र कुठल्याच पेटीत पडणार नाही, म्हणून इथे खरं लिहिते. मी कोण ते सांगितलं असतं तर ती समोर बसली असती, तुमच्याबद्दल बोलली असती, आणि आठवड्याच्या ज्या पाच दिवसांतले तुम्ही मला माहीतच नाहीत, ते सगळे तिच्याकडे आहेत हे मला ऐकावं लागलं असतं. माझ्याबद्दल तुम्ही जे बोललात तेवढं मी ठेवून घेतलं आणि तिला जाऊ दिलं. ती सावकाश जिना उतरत होती. हाक मारली असती तर ऐकू गेली असती, बाबा. मी मारली नाही.