फुटलेल्या ताऱ्यात ठासलेला कापूस

म्हणे, घर मी फोडलं! दादा, आधी नमस्कार घे, भांडण पुढे आहेच. तब्येत ठणठणीत असणार. एवढ्या शिव्या सांगून लिहून घ्यायला दम लागतो. वहिनीलाही नमस्कार (शिव्या तुझ्या, पण अक्षर तिचं, सुरेख आहे). आईचा खोकला कसा आहे, याला मात्र तुझ्या चार पानांत एक ओळ मिळाली नाही.

इथे विज्ञानाच्या प्रदर्शनात मी सुतारांच्या हाताखाली आहे. परवा फुटणारा तारा बनवायचा होता. मध्ये दिवा, भोवती जाळीचा गोळा, त्यात कापूस. मोटर लावली की गोळा फुगणार, कापूस विरळ होणार आणि उजेड हळूहळू बाहेर येणार. कापूस म्हटल्यावर माझी छातीच फुगली. गादीवाल्याच्या घरातला ना मी! तू शिकवलंस तसा गुडघा देऊन ठासला. उद्घाटनाला बडी मंडळी जमली, प्रदर्शनाच्या बाईंनी बटण दाबलं आणि तारा काळाठिक्कर. मोटर कण्हत राहिली, जाळी फुगायचं नाव घेईना. मग उजेडाऐवजी धूर आला. (पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं, असंच असतं.)

मुकादमाने सगळ्यांदेखत गाढव म्हटलं आणि आठवड्याची मजुरी कापली. बाई (ताऱ्यांचा अभ्यास करतात, तरी माणसांशी बऱ्या वागतात) मात्र हसल्या. म्हणाल्या, "अरे, खरा ताराही आधी असाच असतो. तारा फुटतो, पण उजेड आतच कणाकणावर आपटत फिरतो. सगळं वेगाने पांगून विरळ झालं, की मग त्याला वाट मिळते. तोवर त्याची बरीचशी ताकद तो पसारा ढकलण्यातच गेलेली असते. आपल्याला दिसतो तो उरलेला."

मला आपली खोली आठवली. बिनखिडकीची, सहा माणसं आणि छतापर्यंत कापूस. खिडकी पाडली तर कापूस उडेल, असं बाबा म्हणायचे, आणि त्याच कापसात खोकून गेले. आता तेच तू म्हणतोस. मी निघालो त्याला तू घर फोडणं म्हणतोस. मी म्हणतो, एका माणसाने विरळ केलं. ताकद सगळी तुझ्याशी भांडण्यात गेली. इथे आहे तो उरलेला.

ता. क. मी परत येणार नाही. खोलीतला हिस्साही नको.

ता. क. दुसरा. हिस्सा नको म्हटलं ते खरं धरू नकोस. आई झोपते ती भिंत माझ्या हिश्श्याची. तिथे खिडकी पाड. कापूस उडाला तर माझ्या नावाने ओरड, सवय आहेच तुला. मजुरी कापल्यामुळे जे उरलं ते खिडकीला पुरणार नाही, वीतभर भोकाला पुरेल. पाठवतोय आठशे.