तीन सेकंदांची आई

३ जून
आज पाळणाघरात कामाला रुजू झाले. स्वच्छ खोल्या, बुटक्या खुर्च्या, खिडकीतून भरपूर ऊन. माझ्या अडीच वर्षांच्या लेकीलाही इथेच जागा मिळाली, म्हणजे एका दगडात दोन पक्षी! तिला आम्ही टकळी म्हणतो. तोंड मिटलं की ताप आलाय का बघावं लागतं. मला तान्ह्यांची खोली, तिला शेजारची. तिथे वीस मुलं, प्रत्येकापुढे टॅबलेट आणि सगळं चिडीचूप. मोठ्या बाई म्हणाल्या, तुमचीही आठवड्यात रुळेल. मनात म्हटलं, बघाच आता, कोण कोणाला रुळवतं ते.

५ जून
इथली पद्धत मजेशीर आहे. मुलं रडू नयेत म्हणून प्रत्येक आईचा आवाज टॅबलेटमध्ये भरतात. मीही तासभर बोलले. चित्र आलं की विचारायचं, "हे काय आहे, माझ्या सोन्या?" तीन सेकंद थांबायचं, मग उत्तर आपणच सांगून वर शाब्बास म्हणायचं. मूल बोललं नाही तरी शाब्बास! मला हसू आलं. बाई म्हणाल्या, मुलं हिरमुसायला नकोत. पटलं.

१४ जून
टॅबलेट घरी न्यायची परवानगी मीच मागून घेतली. मी स्वयंपाक करते, ती माझ्याच आवाजाबरोबर खेळते. आज दूधही उतू गेलं नाही. नवरा म्हणाला, घर कसं शांत वाटतंय. खरंच वाटतंय.

२६ जून
तिला कप दाखवून विचारलं, हे काय? गेल्या महिन्यात हीच पोरगी घरभर कप कप करत नाचायची. आज तीन सेकंद गप्प राहिली. मग मी उत्तर देईना, तशी रडकुंडीला आली.

२ जुलै
टॅबलेट परत केला, रजा घेतली, कानाला खडा लावला. दिवसभर हाका मारतेय. वळत नाही. समोर बसून रडले, तर माझ्या मागे बघत होती. आवाजाची आई शोधत.

३ जुलै
कपाटाच्या दाराआडून सहज म्हणाले, हे काय आहे, माझ्या सोन्या? धावत आली! खुदकन हसली! मी बाहेर डोकावले —
किंचाळली.

५ जुलै
दाराआडच बसते. ताटली बाहेर सरकवते, बोलत राहते. तेच शब्द, तोच सूर. एक शब्द इकडचा तिकडे झाला की आकांत. नवरा बाहेर ओढतो — पण मग ती जेवत नाही —

७ जुलै
घसा बसला. लिहिताना पुटपुटतेय —
आत्ता ती दाराशी आली. महिन्यातला पहिला शब्द. आई?
हे माझ्या शब्दांत नव्हतंच. ओ दिली असती तर — घाबरले. गप्प राहिले.
तीन सेकंद थांबली. मग स्वतःच म्हणाली, नाही. शाब्बास.
पावलं लांब जातायत. टकळे म्हणून हाक मारायला तोंड उघडलं, तर बाहेर आलं — हे काय आहे, माझ्या सो