शिक्षण : बारावी पास

३ जून
लागली! साबणाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेतल्या बाटल्या धुवायची नोकरी. अर्जात शिक्षण लिहिलं — बारावी पास. रसायनशास्त्रातली डॉक्टरेट गिळून टाकली. काय करणार? खरं लिहून नऊ ठिकाणी तेच ऐकलं — ‘तुम्ही जास्त शिकलेले, टिकणार नाही.’ कॉलेजनं विभागच बंद केला, तिथे तरी कुठे टिकलो म्हणा!
लेक अर्ज वाचत होती. ‘बाबा, खोटं का लिहिलंस?’
म्हटलं, ‘जास्त झालं की लपवावं लागतं, बाळा.’
बायकोनं भांडी जोरात आपटली.

७ जून
बोटांची सालं निघतायत. केमिस्टबाई मला समजावत होत्या — ‘मामा, हे ॲसिड. पाण्यासारखं दिसतं, पण पाणी नाही हं!’ मुकाट मान डोलावली. याच ॲसिडवर मी आयुष्याची चार वर्षं घासली आहेत.

१२ जून
केमिस्टबाई रजेवर. टेबलावर त्यांच्या अक्षरातला कागद — उद्या बनणाऱ्या हात धुण्याच्या साबणाचा. त्यात कॉस्टिक दहापट! दशांश चिन्ह एक घर चुकलंय. लोकांचे हात भाजतील. बोललो तर ‘तुला रे कसं कळलं?’ गप्प बसलो तर — छे! कुणाचं लक्ष नव्हतं. आकडा खोडला, बरोबर लिहिला. प्रयोगशाळेत खाडाखोड केली की शेजारी सही लागतेच. हात आपोआप गेला, सही करून मोकळा झालो.

१३ जून
गाढव! सही केली ती ‘डॉ.’ लावून! सोळा वर्षांची मेली सवय.
साहेबांनी कागद नाकासमोर नाचवला. ‘डिग्री नसताना दाखवणारे खूप पाहिले. असून लपवणारा पहिलाच!’
म्हटलं, साबण तर वाचला ना?
‘वाचला. पण खोट्या माहितीवर माणूस ठेवता येत नाही.’
मग खऱ्या माहितीवर ठेवा!
‘केमिस्टची जागा भरलेली आहे.’
रजेवरून परतलेल्या केमिस्टबाई शेजारीच उभ्या होत्या. फरशी बघत.

१४ जून
दिवसभर पडून. बायको म्हणाली, ‘निदान वाईट तरी काही केलं नाहीस.’ त्या चांगुलपणाचं काय लोणचं घालू?

१८ जून
लेकीच्या दप्तराची चेन दुरुस्त करायला घेतली. तळाशी घडी घातलेला निकाल. वर्गात पहिली! पाच दिवस झाले लागून.
‘अगं, सांगितलं का नाहीस?’
‘जास्त आलेत ना, बाबा.’